न मागितलेला परतावा

घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलाच्या खात्यात आठवड्याचे पैसे जमा होतात, तेव्हा त्यातला शेकडा एक रुपया आधीच सरकारजमा झालेला असतो. कंपनी त्याला नोकर मानत नाही, कंत्राटदार मानते. आणि कंत्राटदाराला पैसे देताना एक टक्का कर कापून घ्यायचा, असा आयकर कायद्याचा नियम आहे. समजा, वर्षभरात त्याला ३,६०,००० रुपये मिळाले. पेट्रोल, गाडीची सर्व्हिसिंग, मोबाइलचा रिचार्ज, सगळे त्याच्याच खिशातून. कापला गेलेला कर ३,६०० रुपये. आणि तो खरोखर देणे लागत असलेला कर शून्य रुपये, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांच्या उत्पन्नावर करच नाही. म्हणजे हे ३,६०० रुपये पूर्णपणे त्याचे आहेत. पण ते आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी विवरणपत्र, म्हणजे ज्याला सगळे आयटीआर म्हणतात ते, भरावे लागते. भरले नाही, तर पैसे सरकारकडेच राहतात.

महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे आकडे याहून मोठे आहेत. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडते, आणि हाती येते तेव्हा अनेक संस्था ते पगार म्हणून न दाखवता व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवतात. त्यावर कपात दहा टक्के. वर्षाला २,४०,००० रुपये मानधन असेल तर २४,००० रुपये थेट कापले जातात. नेट-सेट, पीएच.डी. करून तासावर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही एका महिन्याहून अधिकची कमाई झाली. तीसुद्धा पूर्णपणे परत मिळण्याजोगी. इस्पितळात कंत्राटावर काम करणारे तंत्रज्ञ, छोट्या कंपन्यांची कामे घरून करणारे टायपिस्ट आणि डिझायनर, क्लासेसमध्ये शिकवणारे तरुण, हे सगळे याच रांगेतले. त्यांतले बरेच जण परताव्यावर पाणी सोडतात. कोणी ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणून, तर कोणी आपला कर कापला गेला आहे याचा पत्ताच नसल्यामुळे.

करभरणा सोपा करण्याची आपल्याकडची चर्चा मात्र नेहमी पगारदारांभोवती फिरते. सरकारने पगारदारांसाठी खरोखर पुष्कळ केले आहे, आणि ते कबूल करायला हवे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘सरल’ नावाचा एका पानाचा अर्ज आला, पुढे २०११ मध्ये ‘सहज’ आणि ‘सुगम’ हे फॉर्म आले, आणि आता तर ‘सहज’मधले बहुतेक रकाने सरकारच भरून देते. पण ज्यांची कमाई तुटक आहे, ज्यांना कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, देणारा मालक नाही, त्यांच्यापर्यंत हा सोपेपणा पोचलेला नाही. आणि टक्केवारीच्या हिशोबाने पाहिले तर जास्तीचा कर कापला जातो तो त्यांचाच.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा कर, कसा कापला जातो ते पाहावे लागते.

पगारावरची कपात हिशोबाने होते. मालक वर्षाच्या सुरुवातीला तुमचा पूर्ण वर्षाचा पगार धरतो, त्यातून प्रमाणित वजावट (नव्या प्रणालीत ७५,००० रुपये) काढतो, कोणती करप्रणाली हवी ते तुम्हाला विचारतो, येणारा वर्षाचा कर बारा महिन्यांत वाटतो. मधेच पगार वाढला, तर मार्चपर्यंत फरक भरून काढतो. म्हणून ज्याचा मालक एकच आणि दुसरे उत्पन्न फारसे नाही, त्याचा कर वर्षअखेरीस जवळपास नेमका बसलेला असतो. २०२५-२६ मध्ये पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असणाऱ्याला नव्या प्रणालीत करच लागत नाही. तिथे नीट चालणाऱ्या आस्थापनेत कपातही शून्य होते.

कंत्राटावरच्या कपातीत असा हिशोब नसतो. पैसे देणाऱ्याला तुमचे वर्षाचे उत्पन्न किती, घरात किती माणसे, खर्च किती, याच्याशी कर्तव्य नाही. ठरावीक मर्यादा ओलांडली की मिळालेल्या पूर्ण रकमेवर सपाट टक्केवारी लावायची आणि सरकारकडे भरायची. व्यावसायिक शुल्कासाठी ही मर्यादा पूर्वी वर्षाला ३०,००० रुपये होती, एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली. पण पन्नास हजार रुपये वर्षाला मिळवणारा माणूस करपात्र उत्पन्नाच्या आसपासही नसतो. पॅन दिला नसेल, किंवा तो आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर कपातीचा दर थेट वीस टक्क्यांवर जातो. थोडक्यात, पावणेतेरा लाख पगाराच्या माणसाचा एक रुपया कापला जात नाही आणि दोन लाख चाळीस हजारांवर जगणाऱ्याचे चोवीस हजार कापले जातात. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा नसेलही, पण व्यवहारात घडते ते हेच.

बँकेतल्या ठेवीवरच्या व्याजाला तरी उपाय आहे. माझे उत्पन्न करपात्र नाही, कर कापू नका, असे लिहून देणारा फॉर्म, जो जुन्या कायद्यात १५जी, आणि ज्येष्ठांसाठी १५एच, या नावाने होता. बँकेच्या काउंटरवर दोन पाने भरली की काम झाले. पण हा फॉर्म कंत्राटी कामाच्या पैशांना आणि व्यावसायिक शुल्काला चालत नाही. जुन्या कायद्यातल्या १९४-सी आणि १९४-जे या कलमांना त्या सवलतीत जागाच नव्हती. तासिकेवरच्या प्राध्यापकाला कपात थांबवायची असेल तर आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करून कमी किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. वर्षाला दोन-अडीच लाख मिळवणारा माणूस त्यासाठी खेटे घालत बसत नाही. २०२६ च्या अर्थसंकल्पात लहान करदात्यांना असे प्रमाणपत्र अधिकाऱ्याकडे न जाता, नियमांवर चालणाऱ्या स्वयंचलित पद्धतीने मिळावे, असा प्रस्ताव अर्थमंत्र्यांनी मांडला. दिशा योग्य आहे. पण माझ्या मते प्रमाणपत्राचीही गरज नाही. ठेवीदाराचा शब्द जसा बँक मानते, तसा राबणाऱ्याचा शब्द कंपनीने मानावा, एवढीच दुरुस्ती पुरेशी आहे. खोटे लिहून दिले तर दंडाची तरतूद ठेवीदाराच्या फॉर्मलाही आहेच.

आता पगारदारांच्या ‘सहज’ फॉर्मची पायरी बघू, कारण तिच्याविषयीची भीती अनाठायी आहे. आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर विवरणपत्र भरायला एक पैसाही लागत नाही. हे संकेतस्थळ जून २०२१ मध्ये नव्या रूपात आले; सुरुवातीचे महिने त्याने लोकांना रडवले, हेही खरे. पॅन हाच युजर आयडी. आत गेल्यावर वर्ष निवडायचे, आणि पहिली अडखळण इथेच होते: एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या कमाईसाठी ‘करनिर्धारण वर्ष २०२६-२७’ निवडावे लागते. चुकीचे वर्ष निवडणारे पुष्कळ. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्याने ही दोन वर्षांची जोडी मोडून एकच ‘कर वर्ष’ आणले आहे, त्यामुळे यापुढच्या कमाईसाठी हा घोळ संपेल.

वर्ष निवडल्यावर फॉर्म उघडतो आणि पाच भाग दिसतात: वैयक्तिक माहिती, एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर, आणि शेवटी कराचा हिशोब. प्रत्येक भाग उघडायचा, भरून आलेले आकडे आपल्या कागदांशी ताडून पाहायचे, बरोबर असेल तर ‘कन्फर्म’ करायचे. पगार, बँकेचे व्याज, कापलेला टीडीएस हे सगळे आधीच आलेले असते. कुठून? मालकाने आणि बँकेने सरकारला दिलेल्या माहितीतून. नोव्हेंबर २०२१ पासून विभाग प्रत्येकाला ‘एआयएस’ नावाचे वार्षिक माहितीपत्रक दाखवतो. त्यात तुमचा पगार, व्याज, लाभांश, शेअर्सची खरेदी-विक्री, घराचा व्यवहार, सारे पॅनच्या आधाराने गोळा केलेले असते. त्याच्या जोडीला २६एएस, ज्यात तुमच्या नावावर कोणी किती कर भरला ते दिसते. एखादी नोंद चुकीची असेल तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवता येते. पाचही भाग झाले की आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की विवरणपत्र पूर्ण. ही पडताळणी तीस दिवसांत केली नाही तर भरलेले विवरणपत्र वेळेवर भरल्याचे धरले जात नाही. खूप जण नेमके हेच विसरतात आणि परताव्याची वाट पाहत बसतात.

पगारदारासाठी हे काम तासाभराचे आहे. पण मघाच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला ‘सहज’ चालत नाही, कारण त्याची कमाई पगार नसून धंद्याची मिळकत ठरते. त्याला ‘सुगम’ भरावे लागते. त्यात व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक निवडायचा, डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या किमान सहा टक्के इतके उत्पन्न मानायचे, प्रत्यक्षात त्याहून जास्त सुटत असेल तर तसे दाखवायचे, अशी गणिते येतात. हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत, ही सोय मोठी आहे. पण ती त्याला सांगणार कोण? तासिकेवरच्या प्राध्यापकाची अडचण आणखी वेगळी. त्याच्या कपातीवर ‘व्यावसायिक शुल्क’ असा शिक्का बसलेला. त्याने कोणता फॉर्म भरावा, यावर दोन सल्लागारांत एकमत होत नाही. काम तेच, खडू-फळा तोच, शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या कायम प्राध्यापकाला ‘सहज’ची पाच बटणे, आणि याला मात्र सल्लागाराची फी.

मग माणूस जातो कुठे? तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या समोर, शहरात स्टेशनच्या बाहेर, एक गाळा असतो. बाहेर फलक: पॅन, आधार, पासपोर्ट, फास्टॅग, आयटीआर. आत एक संगणक, एक प्रिंटर, बाकावर चार जण. पाचशे रुपयांपासून पुढे दर. यातली अनेक माणसे कष्टाळू आणि प्रामाणिक आहेत. सरकारी खिडकीने जे करायला हवे ते काम तीच करतात. पण तिथे एक सवय घातक आहे. खाते उघडताना ग्राहकाऐवजी दुकानदाराचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल टाकला जातो, पासवर्डही त्यालाच ठाऊक. त्यामुळे विभागाकडून येणारी प्रत्येक सूचना, प्रत्येक नोटीस दुकानदाराकडे जाते. पुढच्या वर्षी दुकान बंद झाले, की स्वतःच्याच खात्याचे दार बंद.

याहून वाईट धंदा म्हणजे टक्केवारीवर परतावा काढून देणारे. ‘तुमचा रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के आमचे.’ मग न भरलेले घरभाडे, न दिलेल्या राजकीय देणग्या, न घेतलेले विमे फॉर्ममध्ये शिरतात. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने देशभर १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. अशा खोट्या दाव्यांचे पुरावे ज्या राज्यांत सापडल्याचे मंडळाने सांगितले, त्यांत महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. सही कोणी केली हे कायदा विचारतो, फॉर्म कोणी भरला हे विचारत नाही. नोटीस कामगाराच्या नावाने निघते, दंड आणि व्याज त्याच्या डोक्यावर बसते, आणि टक्केवारी घेतलेला माणूस फोन उचलत नाही. किचकट व्यवस्था असली की तिच्या दाराशी असे लोक उभे राहणारच. त्यांना हटवायचे तर दार सोपे करणे हाच टिकाऊ मार्ग.

अमेरिकेचे उदाहरण इथे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विवरणपत्राच्या एप्रिलमधल्या मुदतीची धास्ती चांगली ठाऊक असते. मालकाने दिलेला डब्ल्यू-२ हा पगाराचा दाखला घ्यायचा, सरकारकडे आधीच असलेले आकडे खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करायचे, आणि त्यासाठी पैसे मोजायचे. असे का, याचा इतिहास आहे. २००२ मध्ये सरकार आणि करसॉफ्टवेअर कंपन्या यांच्यात करार झाला: कंपन्या कमी उत्पन्नवाल्यांना मोफत सेवा देतील, आणि त्या बदल्यात सरकार स्वतःचे मोफत साधन काढणार नाही. मोफत सेवा मिळाली ती अगदी थोड्या लोकांना. बाकीचे ‘मोफत’ अशी जाहिरात पाहून आत शिरले आणि शेवटच्या पानावर पैसे भरून बाहेर पडले. टर्बोटॅक्स बनवणाऱ्या इंट्यूट कंपनीने याच प्रकरणात २०२२ मध्ये राज्यांशी तडजोड करून १४.१ कोटी डॉलर परत देण्याचे कबूल केले. कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्येच ‘रेडी रिटर्न’ नावाने भरलेला फॉर्म घरी पाठवण्याचा प्रयोग केला होता. लोकांना तो आवडला, पण कंपन्यांच्या विरोधामुळे तो मोठा होऊ शकला नाही.

अखेर २०२४ मध्ये अमेरिकी करखात्याने ‘डायरेक्ट फाइल’ हे स्वतःचे मोफत साधन काढले. पहिल्या वर्षी बारा राज्ये, १,४०,८०३ विवरणपत्रे. दुसऱ्या वर्षी पंचवीस राज्ये आणि सुमारे तीन लाख विवरणपत्रे. साधे प्रश्न, साधी इंग्रजी आणि स्पॅनिश, वापरणाऱ्यांचे समाधान. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यांना कळवण्यात आले की २०२६ च्या हंगामात हे साधन मिळणार नाही. सरकार बदलले, आणि लोकांच्या उपयोगी पडणारे चालते साधन दोन हंगामांत मोडीत निघाले. जगातल्या सर्वात श्रीमंत देशाला जे टिकवता आले नाही, ते मोफत सरकारी संकेतस्थळ भारताकडे आज आहे. ३१ जुलै २०२४ या एका मुदतीपर्यंत त्यावर ७.२८ कोटी विवरणपत्रे भरली गेली. म्हणून आपल्या व्यवस्थेकडून अपेक्षा करायची तीही मोठीच करायला हवी.

अपेक्षा कशाची, हे युरोपकडे पाहिले की कळते. ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातून कर कापण्याची अशी पद्धत आहे की बहुसंख्य नोकरदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. दर पगाराला वर्षाचा हिशोब पुन्हा मांडला जातो, जास्त कापले गेले असेल तर पुढच्या पगारात परत येते. नॉर्वेत करखाते भरलेले विवरणपत्र पाठवते. त्यात काही बदलायचे नसेल तर गप्प बसायचे, मौन म्हणजे मान्यता. एस्टोनियात गेली वीसेक वर्षे लोक भरून आलेला फॉर्म संगणकावर पाहतात आणि काही मिनिटांत मोकळे होतात. स्वीडनमध्ये फोनवरून मान्यता देता येते. या देशांकडे जी माहिती आहे, तीच एआयएसच्या रूपाने आपल्याकडेही आहे.

आणि आपण हे करून पाहिलेलेच नाही, असेही नाही. जून २०११ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जाहीर केले होते की पाच लाखांपर्यंतचे उत्पन्न असलेल्या पगारदाराने, बचत खात्याचे व्याज दहा हजारांच्या आत असेल तर, विवरणपत्र भरायची गरज नाही. दोन वर्षे ही सवलत चालली. मग ती बंद झाली. कारण दिले गेले की आता ऑनलाइन भरणे सोपे झाले आहे. दुसरा प्रयोग आजही सुरू आहे. पंचाहत्तर किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्येष्ठांना, निवृत्तिवेतन आणि व्याज एकाच बँकेतून मिळत असेल तर, एप्रिल २०२१ पासून विवरणपत्रातून सूट आहे. बँकच हिशोब करते आणि कर कापते. म्हणजे कायद्यात जागा आहे, यंत्रणाही आहे. प्रश्न फक्त ती कोणासाठी चालवायची याचा आहे.

अर्थात नुसती सूट देऊन भागणार नाही, कारण आपल्याकडे आयटीआरला कराच्या पलीकडची किंमत आहे. घरकर्ज, दुचाकीचे कर्ज, परदेशाचा व्हिसा, मुलांच्या शिक्षणासाठीचे कर्ज, कुठेही गेले तरी आधी विचारतात: तीन वर्षांचे आयटीआर आहेत का? ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, त्या रिक्षावाल्याला, डिलिव्हरी करणाऱ्याला, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताईंना आपली कमाई सिद्ध करायला हाच एक कागद आहे. म्हणून त्यांना विवरणपत्रापासून मुक्त करण्यापेक्षा तयार विवरणपत्र त्यांच्या हाती द्यावे, हे मला जास्त योग्य वाटते. वर्ष संपले की विभागाने लहान उत्पन्नवाल्याच्या मोबाइलवर मराठीत संदेश पाठवावा: तुमची नोंदलेली कमाई इतकी, कापलेला कर इतका, देय कर शून्य, परतावा इतका, अमुक बँकेत जमा करू का? ‘हो’ म्हटले की विवरणपत्र पूर्ण आणि कागद तयार. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात दर महिन्याला कोट्यवधी महिलांना पाठवता येतात. मग राबणाऱ्यांचे कापलेले पैसे वर्षातून एकदा परत पाठवता येणार नाहीत, असे कोणी म्हणू शकेल असे वाटत नाही.

एक भीती मात्र प्रामाणिकपणे ऐकून घ्यायला हवी. आयटीआर भरला की रेशनकार्ड जाईल, योजना बंद होईल, असे वस्त्यांमधून सर्रास बोलले जाते. तिला अजिबात आधार नाही असे नाही: पीएम-किसान काय किंवा लाडकी बहीण काय, आयकर भरणाऱ्या कुटुंबाला योजनेतून वगळण्याचा नियम आहे. पण कर भरणारा वेगळा आणि शून्य कराचे विवरणपत्र भरून स्वतःचे पैसे परत मागणारा वेगळा. हा फरक सरकारने प्रत्येक योजनेच्या नियमात स्वच्छ लिहून ठेवला पाहिजे. तो लिहिला जात नाही तोवर लोक तीन हजारांच्या परताव्यासाठी महिन्याचे धान्य पणाला लावणार नाहीत, आणि त्यांचे काही चुकते असेही म्हणता येणार नाही.

मदत करणारी माणसे घडवण्याचा प्रयत्नही एकदा झाला होता. २००६ च्या ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजनेखाली पदवीधर तरुणांना प्रशिक्षण देऊन, माफक फीमध्ये लहान करदात्यांची विवरणपत्रे भरून देण्यासाठी नेमले गेले. कल्पना उत्तम होती. आज तिचे नावही फारसे कोणाच्या कानावर येत नाही. वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयकर हा विषय शिकवला जातोच. जूनपासून दोन महिने प्रत्येक महाविद्यालयाने शनिवारी एक टेबल मांडले, शेजारी एक सीए बसवला, तर मुलांना शिकायला मिळेल आणि गावातल्या पाच-पन्नास कामगारांचे पैसे परत येतील. यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही; एक प्राचार्य आणि एक उत्साही प्राध्यापक पुरतो. अमेरिकेत स्वयंसेवकांची अशी मोफत करमदत केंद्रे अनेक वर्षे चालू आहेत, आणि ती डायरेक्ट फाइल बंद झाल्यावरही चालू राहिली.

तोवर ज्याचे त्याला करता येण्याजोगे थोडे सांगतो. पॅन आणि आधार जोडलेले आहेत का, ते पाहा. ई-फायलिंगचे खाते स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडा. दुकानात गेलात तरी क्रमांक तुमचाच टाकायला सांगा आणि पासवर्ड घरी येऊन बदला. २६एएस उघडून तुमच्या नावावर कोणी किती कर भरला ते बघा. कापला आणि भरलाच नाही, असे दिसले तर कंपनीकडे किंवा संस्थेकडे लेखी मागणी करा, फॉर्म १६ए मागा. परतावा ज्या खात्यात हवा ते संकेतस्थळावर ‘व्हॅलिडेट’ करून ठेवा. २०२० मध्ये सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्रा, कॉर्पोरेशन अशा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे आयएफएससी बदलले. जुना क्रमांक राहिला असेल तर परतावा अडकतो. मुदत जुलैअखेरची धरून चाला. २०२५ मध्ये ती सप्टेंबरपर्यंत लांबली होती, पण दरवर्षी लांबेल असे नाही. मुदत हुकली तरी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल व विवरणपत्र बंधनकारक नसेल तर विलंबशुल्कही लागत नाही. मात्र वर्षभरात एकूण पंचवीस हजार किंवा त्याहून अधिक कर कापला गेला असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे.

आणि मागच्या वर्षांचे? चार वर्षांपर्यंत भरता येणारे ‘अद्ययावत’ विवरणपत्र परतावा मागायला चालत नाही, त्यामुळे तो रस्ता कोणी दाखवला तर ऐकू नका. पण उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या परताव्यासाठी तो करता येतो. कारण खरे आणि कागद व्यवस्थित असले पाहिजेत. तुमच्या ओळखीत तासिकेवर शिकवणारे कोणी असेल, सोसायटीत जेवण घेऊन येणारा कोणी मुलगा असेल, तर त्याच्याशी दहा मिनिटे बोला, त्याच्याच फोनवर त्याला २६एएस उघडून दाखवा. त्या पानावर त्याचे पैसे लिहिलेले असतील, आणि ते मागण्याची मुदत अजून संपलेली नसेल.